पटावरची मुले आणि हिशेबातले पैसे



अलीकडे वेगवेगळ्या गटांच्या बैठकांना गेलो की एक प्रश्न हटकून निघतो. "आमच्या वस्तीतली अंगणवाडी चांगली चालते की नाही, हे आम्ही ठरवायचं कसं?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना सगळ्यांचीच अडचण होते. कोणी म्हणते, खिचडी पातळ असते. कोणी म्हणते, बाई चांगल्या आहेत, पण त्या सारख्या मीटिंगला गेलेल्या असतात. कोणी म्हणते, आता तिथे मुलेच येत नाहीत, सगळी केजीला जातात. आणि हीच गोष्ट प्रकल्प कार्यालयात विचारली तर तिथून आकडे मिळतात : पट इतका, आहाराचे दिवस इतके, खर्च इतका. कागदावर सगळे ठीक असते. वस्तीतल्या बायकांचे बोलणे आणि कार्यालयातले आकडे एकाच अंगणवाडीबद्दल आहेत, असे वाटत नाही.

आपल्यापैकी पुष्कळजणी अशा वेळी आकडे बाजूला सारतात. "आकड्यांत काय आहे, सरकार पाहिजे तसे लिहिते," असे म्हणून आपण मोर्चा आणि निवेदन यांच्याकडे वळतो. आम्हांला वाटते, ही चूक आहे. पटसंख्या आणि पैसा या दोनच आकड्यांवर उद्या कुठली अंगणवाडी राहणार आणि कुठली जाणार हे ठरणार असेल, तर ते आकडे वाचायला आपण शिकलेच पाहिजे. म्हणून या संपादकीयात त्याविषयीच लिहायचे ठरवले आहे.

सुरुवात थोडी मागून करू. अंगणवाडी हा शब्द सरकारी योजनेने जन्माला घातलेला नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले तिथे येईनात. पटाचा आकडा पाहून ताराबाईंना सहज म्हणता आले असते की या लोकांना शिक्षणाची गोडी नाही. त्यांनी तसे म्हटले नाही. मुले का येत नाहीत ते त्यांनी पाहिले, आणि बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. मोठ्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळावे लागते, म्हणून ती शाळेत येत नाही हे ध्यानात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणणारी विकासवाडी आली.

या दोघींनी आपल्याला मूल्यमापनाची एक पद्धतच दिली आहे. पट कमी दिसला तर प्रश्न शाळेला विचारायचा, आईला नाही. पुढचे सगळे विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अनौपचारिक शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिने आपल्या अंगावर घेतल्या. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. हा विस्तार आपोआप झालेला नाही. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून एकामागून एक आदेश दिले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने वस्तीने मागणी केल्यास अंगणवाडी मिळण्याचा मार्ग खुला झाला. गरिबांच्या मुलांसाठी फी न घेता चालणारी, घरापासून चालत जाता येईल अशी ही एकमेव बालशाळा आहे. तिचे मूल्यमापन करताना आपण काय मोजतो याला म्हणूनच फार महत्त्व आहे.

आधी पटाकडे पाहू.

पट हा एक आकडा नसतो, चार असतात. पहिला, वस्तीत तीन ते सहा वयाची मुले एकूण किती आहेत. हा सर्वेक्षणाचा आकडा. दुसरा, त्यांपैकी किती मुलांची नावे रजिस्टरमध्ये आहेत. तिसरा, रोज प्रत्यक्ष किती येतात. चौथा, आलेली मुले किती वेळ बसतात आणि त्या वेळात खेळ, गाणी, गोष्टी, चित्रे असे काही होते का. सरकारी अहवालात बहुधा दुसरा आकडा छापला जातो आणि त्यालाच यश म्हटले जाते.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका शहरी वस्तीत तीन ते सहा वयाची ५० मुले आहेत. अंगणवाडीच्या पटावर ४० आहेत आणि रोज सरासरी २० येतात. पटाच्या हिशेबाने ही अंगणवाडी ८० टक्के मुलांपर्यंत पोचली. हजेरीच्या हिशेबाने ४० टक्के. अंगणवाडी तीच, मुले तीच, सेविका तीच. फक्त कोणता आकडा उचलला यावर ती यशस्वी की अयशस्वी हे ठरते.

पट फुगतो तो बहुतेक वेळा वरच्या दडपणामुळे. डोक्यामागे पैसा येतो, उद्दिष्ट ठरवून दिलेले असते, आणि कमी पट दाखवला तर सेविकेलाच जाब विचारला जातो. मग केजीत जाणाऱ्या मुलाचेही नाव राहते. २०११ साली राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची मुले किती असू शकतात हे आपण पाहिले आहे. उलट, पट आकसण्याचीही कारणे आहेत. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारे कुटुंब दिवाळीच्या आसपास गाव सोडते. मुलाचे नाव गावच्या पटावर राहते आणि मूल फडावर असते, जिथल्या पटावर त्याचे नाव नसते. आधार नाही म्हणून नाव चढत नाही. खोली रस्त्यापलीकडे आहे म्हणून लहान मुलाला एकटे पाठवता येत नाही. अंगणवाडी दुपारी सुटते आणि आई संध्याकाळी सहाला घरी येते, म्हणून मूल शेजारणीकडे नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे राहते.

एका वस्तीत आम्ही रजिस्टर घेऊन घरोघरी गेलो होतो. एक आई म्हणाली, "नाव अंगणवाडीत हाय ताई, पोरगं जातं केजीत. पाचशे रुपये महिना देते मी." का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "तिथं ए-बी-सी-डी शिकवतात. हितं बाई एकली काय काय करंल?" ही आई चार घरची धुणीभांडी करते. तिच्या त्या पाचशे रुपयांचा हिशेब कोणत्याही सरकारी अहवालात येत नाही. पण सार्वजनिक बालशाळा कमी पडते तेव्हा तिची किंमत कोण मोजते, याचा तो अगदी स्पष्ट पुरावा आहे. त्या केजीत तीन वर्षांच्या मुलाला बाकावर बसवून पाटीवर गिरवायला लावतात, हे बालशिक्षणाच्या दृष्टीने वाईटच. परंतु त्यासाठी त्या आईला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिने दोन्हीकडे पाहिले आणि तिला जे दिसले त्यावर निर्णय घेतला.

देशाच्या पातळीवरचे आकडेही असेच सावधपणे वाचावे लागतात. ग्रामीण भागातल्या 'असर' पाहणीनुसार, तीन वर्षांच्या मुलांपैकी अंगणवाडी वा अन्य बालशाळेत नाव असलेल्यांचे प्रमाण २०१८ साली ६८.१ टक्के होते. ते २०२४ साली ७७.४ टक्के झाले आणि महाराष्ट्राची गणना जवळजवळ सर्व मुलांची नावे दाखल असलेल्या राज्यांत झाली. ही बातमी आनंदाची आहे. पण हा दाखल्याचा आकडा आहे, हजेरीचा नाही. आणि याच महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. नाव पटावर असणे आणि मुलाच्या अंगी काही लागणे यांत केवढे अंतर असू शकते, ते या दोन आकड्यांवरून लक्षात येते.

आता पैशाकडे वळू.

पैशाचाही आकडा एक नसतो. अंदाजपत्रकातली तरतूद वेगळी, प्रत्यक्ष सोडलेला निधी वेगळा, खर्च वेगळा आणि वस्तीपर्यंत पोचलेली वस्तू वेगळी. वर्तमानपत्रात आपण पहिला आकडा वाचतो. त्याचीच कथा पाहा. २०१४-१५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात या योजनेसाठी सुमारे १८ हजार कोटी रुपये होते. २०१५-१६ मध्ये ते एकदम सुमारे ८ हजार कोटींवर आणले गेले. चौदाव्या वित्त आयोगाने करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आहे, तेव्हा राज्यांनी आता स्वतः भार उचलावा, असे कारण दिले गेले. ओरड झाल्यावर पुरवणी मागण्यांतून काही रक्कम परत आली. पण वर्षाच्या मध्यावर आलेला पैसा म्हणजे जेवण होऊन गेल्यावर वाढलेले ताट. जून-जुलैमध्ये ज्या मुलाला आहार मिळाला नाही, त्याला तो मार्चमध्ये देता येत नाही.

पुढे योजनेचे नाव बदलून सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० झाले. २०२१-२२ साली तिच्यासाठी केंद्राची तरतूद २०,१०५ कोटी होती, २०२५-२६ साली ती २१,९६० कोटी झाली. चार वर्षांत वाढ झाली ती नऊ टक्क्यांच्या आसपास. त्या चार वर्षांत तूरडाळ, तेल आणि गॅस कितीने वाढले हे घर चालवणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको. आकडा वाढला तरी त्यातून मुलाच्या ताटात पडणारी वस्तू कमी झाली, असे याचे सरळ वाचन आहे.

ताटापर्यंत जाऊन पाहू. २०१७ साली साध्या मुलामागे दिवसाला ८ रुपये आहारखर्च ठरवण्यात आला, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. यातला निम्मा वाटा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम शिजवलेले जेवण मिळून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवी होती. म्हणजे ८ रुपयांत दोन वेळचे खाणे. शाळेतल्या मध्यान्ह भोजनाच्या शिधासाहित्याचा दर या काळात पुन्हा पुन्हा वाढला : प्राथमिक वर्गांसाठी २०२२ साली ५ रुपये ४५ पैसे, डिसेंबर २०२४ मध्ये ६ रुपये १९ पैसे, मे २०२५ मध्ये ६ रुपये ७८ पैसे. दोन्ही दरांत काय काय धरले आहे ते वेगळे असल्यामुळे रकमांची थेट तुलना करता येत नाही. पण दर कितीदा वाढला याची तुलना निश्चित करता येते. शाळेतल्या मुलासाठी महागाई आली, अंगणवाडीतल्या मुलासाठी २०१७ चीच किंमत राहिली. २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात हा दर वाढवण्याचे आश्वासन द्यावे लागले, यातच सगळे आले.

आहार शिजवणारा बचत गटही बायकांचाच असतो. बिल महिनोन्‌महिने अडकते आणि वाण्याची उधारी गटाच्या नावावर चढते. घरपोच आहाराच्या कंत्राटांत तर बचत गटांना डावलून बड्या पुरवठादारांना सोयीच्या अटी घातल्या गेल्या आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातली ती कंत्राटे रद्द केली. पैसा कोणाच्या हातातून जातो, हाही मूल्यमापनाचाच प्रश्न आहे.

आणि या सगळ्या हिशेबात सर्वांत कमी किंमत लावली जाते ती सेविका आणि मदतनीस यांच्या श्रमाला. त्यांना पगार नाही, 'मानधन' आहे. शब्दात मान आहे आणि धन नाही, असे आपल्या एका मैत्रिणीने म्हटले होते. २०१८ साली केंद्राने आपल्या हिश्शाचे मानधन सेविकेसाठी ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसांसाठी १,५०० वरून २,२५० रुपये केले. महाराष्ट्राने आपली भर घालून २०२३ साली ते सेविकेला १०,०००, मिनी अंगणवाडी सेविकेला ७,२०० आणि मदतनिसाला ५,५०० रुपये केले. हीसुद्धा कृपा नव्हती. त्यामागे वर्षानुवर्षांची आंदोलने आहेत, आणि त्यानंतरही डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या थंडीत राज्यातल्या अंगणवाडी कर्मचारी पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शासकीय पदावर नाहीत असे म्हटले. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने त्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. २०२२ साली त्याच न्यायालयाने त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. मूल सांभाळणे, शिकवणे, भरवणे हे बाईचे 'स्वाभाविक' काम आहे, त्याला मोल कशाला, ही पुरुषप्रधान समजूत घरात असते तशीच अर्थखात्यातही असते.

सेविकेच्या वेळेचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. शालापूर्व शिक्षणाला रोज किमान दोन तास द्यावेत, असे धोरण सांगते. त्यासाठी २०२४ साली 'आधारशिला' हा अभ्यासक्रमही आला. पण त्याच सेविकेने गरोदर आणि स्तनदा मातांची नोंद ठेवायची, वजन-उंची घ्यायची, लसीकरणाला हजर राहायचे, गृहभेटी द्यायच्या, मतदार यादीचे काम करायचे आणि २०२१ पासून हे सगळे पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपमध्ये भरायचे. निकृष्ट फोन आणि इंग्रजी ॲप यांना कंटाळून त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी फोन शासनाला परत केले, हे आपल्याला आठवत असेल. मुले समोर बसलेली आहेत आणि बाई फोनवर त्या मुलांची हजेरी चढण्याची वाट पाहते आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना 'माहितीवर आधारित मूल्यमापन' या शब्दांची किंमत कळते. मोजण्यासाठी लागणारा वेळ शिकवण्याच्या वेळातून कापला जातो.

आता पट आणि पैसा एकत्र ठेवू. वरच्या ५० मुलांच्या वस्तीकडे परत येऊ. २०२३ च्या दराने तिथे सेविका आणि मदतनीस यांचे मिळून मानधन महिन्याला १५,५०० रुपये. पटावरच्या ४० मुलांनी भागले तर दर मुलामागे सुमारे ३८८ रुपये. हजर २० मुलांनी भागले तर ७७५. आता एका डोंगरातल्या पाड्यावरची मिनी अंगणवाडी घेऊ. समजा, तिथे तीन ते सहा वयाची आठच मुले आहेत आणि आठही रोज येतात. सेविकेचे मानधन ७,२००, म्हणजे दर मुलामागे ९०० रुपये. फक्त खर्चाचा तक्ता पाहणारा अधिकारी म्हणेल, शहरातली अंगणवाडी स्वस्त आणि चांगली, पाड्यावरची महाग आणि परवडत नाही. पण शहरातली अंगणवाडी शंभरातल्या चाळीस मुलांपर्यंत पोचते आणि पाड्यावरची शंभरपैकी शंभर मुलांपर्यंत. शिवाय दोन्हीकडच्या सेविका तीन वर्षांखालची मुले आणि गरोदर बायका यांचेही काम करतात. ते काम भागाकारात धरलेलेच नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुले दुसऱ्या शाळांत हलवण्याचा निर्णय घेतला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा काढण्याची योजना पुढे आली. दोन्ही वेळा शब्द गोड होते : गुणवत्ता, सुविधा, संसाधनांचा योग्य वापर. सहा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जाईल की घरी बसेल, हा प्रश्न त्या तक्त्यात नव्हता. प्राथमिक शाळेच्या बाबतीत निदान शिक्षण हक्क कायद्याचा आधार घेऊन भांडता आले. अंगणवाडीच्या बाबतीत काय?

इथे कायद्याची एक उणीव आपण नीट समजून घेतली पाहिजे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र शासन 'प्रयत्न करील' एवढेच कलम ४५ मध्ये ठेवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ ने शासन अशी व्यवस्था 'करू शकेल' असे म्हटले, 'करील' असे नाही. २०१३ च्या कायद्याने अंगणवाडीतले जेवण हा हक्क झाला. म्हणजे मुलाच्या पोटाचा हक्क कायद्याने मानला, त्याच्या खेळण्या-शिकण्याचा मानला नाही. २०२० चे शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानते, २०३० पर्यंत सर्व मुलांना बालशिक्षण देण्याचे म्हणते. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरणाविरुद्ध दाद मागता येत नाही.

आणि ज्या बायकांसाठी ही व्यवस्था सर्वांत गरजेची आहे त्यांची वेळ अजूनही मोजलेली नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले. शेतमजूर, मोलकरीण, कचरावेचक, फेरीवाली यांची अशी कुठलीच आस्थापना नसते. त्यांची आस्थापना म्हणजे अंगणवाडी. ती आईच्या कामाच्या वेळेइतकी उघडी नसेल तर पट कमीच दिसणार, आणि त्या कमी पटामागे शाळा सुटलेली एक मोठी बहीण उभी असणार. कोसबाडच्या टेकडीवर जे तेव्हा कळले होते ते आपल्या अंदाजपत्रकाला अजून कळलेले नाही.

म्हणून आमची सर्व गटांना सूचना आहे की आपापल्या भागातल्या निदान एका अंगणवाडीचे मूल्यमापन आपण स्वतः करावे. त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. पुढील प्रश्नांची उत्तरे एका वहीत लिहून काढली तरी पुष्कळ होईल :

१. वस्तीत तीन ते सहा वयाची मुले किती? पटावर किती? महिन्यातल्या वेगवेगळ्या चार दिवशी प्रत्यक्ष हजर किती? (बाजाराचा दिवस आणि सणाचा दुसरा दिवस टाळू नका. तेच खरे दिवस.)

२. जी मुले येत नाहीत ती कुठे असतात? केजीत, आईबरोबर कामावर, बहिणीपाशी, की गावाबाहेर? मुलगे आणि मुली वेगवेगळे मोजा. दलित, आदिवासी, भटक्या, मुस्लिम वस्तीतली आणि अपंग मुले वेगळी मोजा.

३. गेल्या सहा महिन्यांत आहार किती दिवस बंद होता आणि का? बचत गटाचे शेवटचे बिल कोणत्या महिन्याचे निघाले?

४. सेविका व मदतनीस यांचे मानधन कोणत्या तारखेला मिळाले? त्यांनी स्वतःच्या खिशातून काय काय आणले?

५. खेळ-साहित्य शेवटचे केव्हा आले? ते मुलांच्या हातात आहे की कपाटात?

६. खोली कोणाची? पाणी, संडास, पंखा आहे का? महालेखापरीक्षकांनी २०१२-१३ च्या अहवालात तपासलेल्या अंगणवाड्यांपैकी ५२ टक्क्यांत संडास आणि ३२ टक्क्यांत पिण्याचे पाणी नसल्याचे नोंदवले होते. आपल्या अंगणवाडीत त्यानंतर काय बदलले?

७. एका सकाळी सेविकेचा वेळ कशाकशात गेला? मुलांबरोबर किती मिनिटे, कागद आणि फोनबरोबर किती?

निधीची माहिती प्रकल्प कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. तरतूद, प्राप्त निधी आणि खर्च असे तीन रकाने महिन्यानुसार मागा, नुसता वार्षिक एकूण आकडा घेऊन परत येऊ नका. अन्नसुरक्षा कायद्याने सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली आहे, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग यांच्याकडे जाण्याचा मार्ग ठेवला आहे. ग्रामसभेत हा हिशेब मोठ्याने वाचता येतो.

मात्र एक पथ्य पाळावे. ही तपासणी सेविकेवर पाळत ठेवण्यासाठी नाही. वही घेऊन दारात उभ्या राहिलेल्या आपल्याकडे ती आणखी एक साहेब म्हणून पाहू लागली, तर आपले काम फसले असे समजा. आधी तिच्याशी बोला, तिच्या संघटनेशी बोला, हिशेब तिच्याबरोबर बसून करा. पटावरची खोटी नावे आपल्याला सापडतील. ती सापडली म्हणून लगेच वर्तमानपत्राकडे धावण्याआधी ती कोणाच्या दडपणाखाली लिहिली गेली ते विचारा. आणि जिथे खरोखरच मुलांचे खाणे विकले जाते, मूल जातीवरून वेगळे बसवले जाते, तिथे मात्र भीड ठेवू नका. सेविका बाई आहे म्हणून मुलाचा हक्क लहान होत नाही.

आपल्या चळवळीने पाळणाघराची मागणी अनेक वर्षे केली, पण अंगणवाडीला आपण बहुधा 'आरोग्य खात्याची', 'युनियनवाल्यांची' किंवा 'शिक्षणवाल्यांची' गोष्ट समजत आलो. अंगणवाडीत मूल आहे, त्याची आई आहे, त्याला सांभाळणारी बहीण आहे, त्याला शिकवणारी सेविका, भरवणारी मदतनीस आणि शिजवणाऱ्या बचत गटातल्या बायका आहेत. या सगळ्यांच्या श्रमांची आणि हक्कांची गाठ त्या एका लहानशा खोलीत पडते. याहून अधिक आपला असा दुसरा कोणता प्रश्न असू शकेल?

आपापल्या वहीतल्या नोंदी आमच्याकडे पाठवा. आकडे थोडे असले तरी चालतील, अक्षर वाईट असले तरी चालेल. पुढच्या अंकात त्या एकत्र मांडण्याचा विचार आहे. आणि कुठे पट कमी आहे म्हणून अंगणवाडी हलवण्याची वा बंद करण्याची भाषा कानावर आली, तर अंकाची वाट पाहू नका, ताबडतोब कळवा. त्या पाड्यावरच्या आठ मुलांच्या बाजूने आपला हिशेब तयार असला पाहिजे.

संपादक मंडळासाठी